लाल पेटी आणि आमची समई

पान उलटतांच वाचकांच्या ध्यानांत आलें असेल कीं, आमच्या सदराच्या मथळ्यावरील चित्र या महिन्यापासून पालटलें आहे. त्याची हकीकत थोडी विलायतेची आहे व थोडी घरची.

संपादकांचें पत्र आलें तेव्हां आम्ही चेल्टनहॅम येथें चिरंजिवांच्या बिऱ्हाडीं होतों. समई आणि उघडी पोथी पाहून तरुण वाचकांस हें पान कीर्तनाचें वाटतें, तरी चित्र नवें करावें, असा त्यांचा आग्रह. तें चित्र आमच्या दिवंगत स्नेह्यांनीं काढलेलें. ते आमच्याच शाळेंत चित्रकला शिकवीत. आम्हीं मनांत नकार कायम केला, आणि उत्तर मात्र लांबणीवर टाकलें.

त्या दिवसांत आम्ही या पानासाठीं तेथील लहानसहान गमती टिपीत होतों. उतारू मोटारींतून उतरतांना हांकणाऱ्याचे आभार मानतो. बाजारांत आमचा पाय एका गृहस्थाच्या पायावर पडला. क्षमा त्यांनींच मागितली! आम्ही मागावी तों ते पुढें गेलेही.

पण आमचें मन जडलें तें कोपऱ्यावरील टपालपेटीवर. षट्कोनी, बिडाची, माथ्यावर कळी, आणि अंगावर व्हिक्टोरिया राणीचीं आद्याक्षरें. पेनफोल्ड नामक शिल्पज्ञाचा हा घाट १८६६ मधला; त्या गांवीं अशा पेट्या अद्याप कित्येक आहेत व लोक त्यांत पत्रें टाकतात. राणी १९०१ मध्यें वारली. पुढें पांच राजे व एक राणी गादीवर आलीं, पण तीं अक्षरें कोणीं खरवडलीं नाहींत. ज्याच्या राज्यांत पेटी बसली, त्याचें अक्षर तिच्यावर राहतें. पेट्यांची मूळ सूचना कादंबरीकार ट्रॉलप यांची. ते टपालखात्यांत अधिकारी होते, व त्यांच्या सांगण्यावरून १८५२ मध्यें जर्सी बेटावर पहिल्या पेट्या उभ्या राहिल्या. पुढें डोळ्यांस खुपूं नयेत म्हणून त्यांस हिरवा रंग दिला, तर लोकांस त्या सांपडेनात! शेवटीं १८७४ पासून लाल रंग आला. सगळ्या रंगवावयास दहा वर्षें लागलीं.

अक्षरांचें प्रकरण तर याहून नाजूक. दुसऱ्या एलिझाबेथ राणीचें अक्षर घेऊन एक पेटी एडिंबरो येथें बसली, तेव्हां स्कॉटलंडांत पहिली एलिझाबेथ झालीच नाहीं, मग ही दुसरी कोठली, असा वाद माजला. आणि १९५३ मध्यें कोणीं ती पेटी सुरुंगानें उडविली. पुढें त्या प्रांतीं पेट्यांवर नुसता मुकुट घालूं लागले. संधिनियमांवरून वर्गांत मुलें आमच्याशीं हुज्जत घालीत, पण सुरुंगापर्यंत मजल गेली नव्हती.

हा सारा वृत्तांत आम्हीं रात्रीं जेवतांना सांगितला आणि म्हटलें, “पहा, जुनें चिन्ह कसें जतन करावें!”

सौभाग्यवती म्हणाल्या, “नळही जतन केले आहेत हो त्यांनीं. एका तोटीनें हात भाजतो, दुसरीनें गारठतो.”

चिरंजिवांनीं उलगडा केला. जुन्या घरांत गार पाणी थेट नगराच्या नळांतून पिण्याकरितां येई, आणि ऊन पाणी माळ्यावरील टाकीच्या मार्गानें; दोहोंची मिसळ नको म्हणून दोन तोट्या. आतां कित्येक घरांतून ती टाकी गेली, तोट्या राहिल्या. आमच्या पक्षाचें बळ एवढ्यानें बरेंच उणें झालें.

त्यावर सौभाग्यवतींनीं विचारलें, “तें राहूं द्या. चित्राबद्दल वहिनींना विचारलेंत का?”

विचारलें नव्हतें. मित्राच्या स्मृतीचे राखणदार आपणच, या समजुतींत त्यांची पत्नी आमच्या स्मरणांतही आली नव्हती. दुसऱ्या दिवशीं टेलिफोन केला. वहिनी शांतपणें म्हणाल्या, “भावोजी, त्यांना तें चित्र कधींच पसंत नव्हतें. वात वांकडी आली म्हणत. दुसरें काढून तुमच्याकडे आणलें होतें. तुम्हींच ‘पहिलेंच असूं द्या’ म्हणून परत केलेंत.”

मग आम्हांस आठवलें. पावसाळ्याचे दिवस होते, आम्ही परीक्षेचे कागद तपाशीत होतों, आणि तें चित्र आम्हीं नीट उलगडूनही पाहिलें नव्हतें.

तें त्यांच्या ट्रंकेंत अजून होतें. वहिनींच्या अनुमतीनें संपादकांकडे गेलें व त्यांनीं तें एका शब्दानें पसंत केलें. वाचकांसमोर आहे तें हेंच. यांत पोथी नाहीं. समईशेजारीं चष्मा व चहाचा पेला आहे. कोपऱ्यांत त्यांचें आद्याक्षर पूर्वीच्याच जागीं आहे, आणि वात सरळ आहे.