उरण पास, कोलाड नापास!

लॅपटॉप जवळ असेल आणि त्यात पायथन असेल, तर हा प्रयोग आजच करून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. एखाद्या शब्दात फक्त अक्षरंच आहेत ना, आकडे किंवा भलतंसलतं काही नाही ना, हे तपासणारी ‘इजअल्फा’ नावाची सोय पायथनमध्ये तयार मिळते. तिला आपल्या रायगडातली गावं एकेक करून द्या. ‘उरण’ दिलं की उत्तर येतं ‘ट्रू’. ‘कोलाड’ दिलं की ‘फॉल्स’. रोहा नापास, पेण नापास, अलिबागही नापास. वरदविनायकाचं ‘महड’ पास होतं आणि चवदार तळ्याचं ‘महाड’ नापास!

हसू येतं ना? आता याच तपासणीवर एखादा ऑनलाइन फॉर्म उभा आहे असं समजा. कोलाडची एक मुलगी रोह्याच्या सायबर कॅफेत बसून शिष्यवृत्तीचा अर्ज भरतेय. शेवटची तारीख उद्याची आहे. मराठी नावाच्या रकान्यात ती स्वतःचं नाव अचूक टाइप करते आणि खाली लाल ओळ उमटते, ‘कृपया वैध अक्षरे भरा’. ती पुन्हा टाइप करते. पुन्हा लाल ओळ. मग कॅफेवाला दादा अनुभवाने सांगतो, ‘ताई, काना काढून टाक, जातंय मग.’ अर्ज जातो, पण नाव बदलून. पुढे दाखल्यावरचं नाव एक आणि अर्जावरचं दुसरं, म्हणून पडताळणीत गाडी अडते. तिथे कुणी सॉफ्टवेअरला जाब विचारत नाही. ‘नाव नीट का नाही भरलंस?’ हा प्रश्न तिलाच.

आज लिहायचं आहे ते या लाल ओळीबद्दल. कारण ती लिहिणारे उद्या तुमच्यापैकीच काही जण असणार आहात.

आधी कोलाड नापास का, ते बघू. कॉम्प्युटर अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. कुठल्या अक्षराला कुठला आकडा, याची जगभर मानलेली यादी म्हणजे युनिकोड. या यादीत प्रत्येक आकड्याची जातही लिहिलेली असते. क, ल, ड ही ‘अक्षरं’. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही मात्र अक्षराला जोडून येणारी ‘चिन्हं’. वर्गवारी म्हणून त्यात चूक काही नाही. ‘इजअल्फा’ फक्त अक्षरांनाच आत घेतं आणि चिन्ह दिसलं की नाही म्हणतं. उरणमध्ये काना-मात्रा नाही म्हणून ते सुटलं. म्हणजे ‘नावात फक्त अक्षरं हवीत’ हा नियम ज्याने फॉर्ममध्ये टाकला, त्याच्या डोळ्यांसमोर रोमन लिपी होती. मराठी माणसाचं नाव काना-मात्रेशिवाय लिहिता येत नाही, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याने कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं, त्याने मराठी नाव टाकून बघितलं नव्हतं एवढंच.

मग तपासणीच नको का? तसंही नाही. तपासणी हवीच, आणि कडक हवी. फक्त ती कशाची, हे कळायला हवं.

कोलाडकरांना हे समजावून सांगायला नको. १९९९ पासून कोकण रेल्वेची रो-रो सेवा कोलाडहून सुटते. माल भरलेले ट्रक थेट रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढतात आणि गोव्यातल्या वेर्ण्याला उतरतात. ट्रक चढवण्याआधी त्याची उंची मर्यादेत आहे की नाही हे पाहावंच लागतं, कारण पुढे बोगद्यांची रांग आहे. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा. ट्रक उंच निघाला हे कोलाडला कळलं तर काम थोडं खोळंबेल. बोगद्यात कळलं तर काय होईल, ते सांगायला नको.

मजकुराचंही असंच आहे. युनिकोडचे आकडे फाइलमध्ये किंवा इंटरनेटवरून पाठवताना बाइटमध्ये मोडावे लागतात. त्याची सर्वात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत टेबलावरच्या कागदावर तिचा आराखडा मांडला. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, आपल्या देवनागरीला तीन लागतात. ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९. नियम साधे आहेत. १२७ पर्यंतचा बाइट एकटा येतो. १२८ ते १९१ मधला बाइट कुणाच्या तरी मागेच यायला हवा. २२४ आला की त्याच्यामागे अजून दोन हवेतच. १९२, १९३ आणि २४५ पासून पुढचे बाइट तर कधीच दिसता कामा नयेत. मजकूर या नियमांत बसला तर तो वैध, नाही तर मोडका.

मोडतो कसा? ‘कोलाड’ लिहायला पंधरा बाइट लागतात. डेटाबेस बनवणाऱ्याने ‘गावाचं नाव, दहा बाइट पुरे’ असं ठरवलं, तर नऊ बाइटमध्ये ‘कोल’ बसतं आणि दहाव्या जागी काना मधोमध कापला जातो. एकटा २२४ लटकत राहतो. वाचताना सॉफ्टवेअर गोंधळतं आणि तिथे प्रश्नचिन्ह असलेला काळा चौकट-हिरा दाखवतं. तो तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. त्याचा अर्थ एवढाच, की इथे काहीतरी होतं, मला वाचता आलं नाही. आणि तो हिराच जर परत डेटाबेसमध्ये साठवला गेला, तर मूळ अक्षर गेलं ते गेलंच. म्हणून मोडका मजकूर आत घेऊन मग दुरुस्त करू, असं चालत नाही. तो दारातच थांबवायचा.

न थांबवल्याने काय होतं, याचा धडा जगाने २००० साली घेतला. तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, हे चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ४७ या एका बाइटने लिहितात. मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमध्ये सुरक्षेची तपासणी होती, पत्त्यात दोन टिंबं आणि स्लॅश दिसला की अडवा, कारण त्या वाटेने कुणी भलत्या फोल्डरमध्ये शिरेल. हल्लेखोरांनी तोच स्लॅश १९२, १७५ अशा दोन बाइटमध्ये लांबवून लिहिला. हा प्रकार अवैधच आहे. पण पहारेकऱ्याला तो स्लॅश वाटला नाही आणि त्याने सोडून दिलं. आतल्या सॉफ्टवेअरने मात्र तो स्लॅश म्हणूनच वाचला. दार उघडं! त्या ऑक्टोबरमध्ये कंपनीला तातडीने सूचना काढावी लागली. तरी पुढच्या वर्षी, सप्टेंबर २००१ मध्ये, निमडा नावाच्या वर्मने शिरकावासाठी जे मार्ग वापरले त्यात हाही होता. २००३ मध्ये यूटीएफ-८ चे नियम नव्याने लिहिले गेले, तेव्हा अशा लांबवलेल्या बाइटना वाचणाऱ्याने नाकारलंच पाहिजे, हे त्यात स्पष्ट आलं.

म्हणजे बाइटच्या बाबतीत अजिबात दयामाया नको. पण माणसाच्या नावाच्या बाबतीत? इथे आपण नेमकं उलट करतो. मोडके बाइट मुकाट्याने आत घेतो आणि धडधाकट नावं बाहेर ठेवतो.

मराठीचं उदाहरण घ्या. ‘दुसऱ्या’मधला तो झोपलेला र. तो दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर त्यासाठी युनिकोडमधला खास ऱ वापरला जातो. दुसऱ्या कीबोर्डवर साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे, आतले आकडे वेगळे, आणि दोन्ही वैध. आता एखाद्या शहाण्या प्रोग्रॅमरने नियम केला, ‘न दिसणारी चिन्हं काढून टाका, कचरा असतो.’ जोडचिन्ह उडालं की ‘दुसर्‍या’चं ‘दुसर्या’ होतं. झोपलेला र उठून डोक्यावर रफार होऊन बसतो. आडनाव कऱ्हाडे असेल तर ‘कर्हाडे’. कुणी चूक दाखवत नाही, लाल ओळही येत नाही. थेट छापून आल्यावरच कळतं.

‘ॲ’चंही तेच. ‘ॲडमिशन’मधला हा ॲ स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला. त्याआधीची सवय म्हणून अनेक जण अजूनही अ वर चंद्र लावून तो बनवतात. पडद्यावर सारखंच दिसतं, पण यादीत शोधायला गेलं की सापडत नाही. निकालाच्या यादीत ‘माझं नावच नाही’ म्हणून कुणाची रात्रीची झोप उडते, आणि नाव तिथेच असतं, वेगळ्या आकड्यांनी लिहिलेलं.

उलटा प्रकारही आहे. जुन्या कृतिदेवसारख्या फाँटमध्ये रोमन अक्षराच्या जागी नुसतं देवनागरीचं चित्र बसवलेलं असतं. त्यात लिहिलेलं ‘कोलाड’ फाँटविना उघडलं की ‘डी, के, एस, वाय, के, एम’ एवढंच उरतं. बाइटची तपासणी याला डोळे झाकून पास करेल, कारण ती सगळी वैध रोमन अक्षरं आहेत. वाचणाऱ्याला मात्र त्यातून काही कळत नाही. कॉलेजच्या जुन्या नोटिसांची फाइल मोबाइलवर उघडून बघा, हमखास एखादी अशी सापडेल.

मजकूर वैध असूनही सॉफ्टवेअर कोसळू शकतं, हेही लक्षात ठेवा. फेब्रुवारी २०१८ मध्ये एक तेलुगू जोडाक्षर आलं की आयफोनवरची मेसेजची ॲप्स बंद पडत होती. तेव्हा ‘ते घातक अक्षर’ अशी चर्चा रंगली. कोट्यवधी माणसं ज्या लिपीत रोज लिहितात, तिचं एक साधं अक्षर घातक कसं असेल? चूक फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये होती आणि ॲपलने ती त्याच महिन्यात अपडेट देऊन दुरुस्त केली. पण दोष पहिल्यांदा ढकलला गेला तो अक्षरावर. आपल्या कॅफेतल्या मुलीसारखाच.

तर मित्रांनो, बीएस्सी, बीसीए, इंजिनीअरिंग, कशालाही असा, या वर्षी प्रोजेक्ट करताना चार गोष्टी करून बघा. मजकूर आत येतो त्या दारातच यूटीएफ-८ची तपासणी करा, आणि मोडका असेल तर गुपचूप गाळू नका, परत करा. नावाच्या रकान्यात अक्षरांबरोबर चिन्हांनाही जागा द्या, जोडचिन्हालाही. झोपलेला र आणि ॲ यांचं एकच रूप ठरवा, साठवताना आणि शोधताना तेच वापरा. आणि लाल ओळीत ‘अवैध’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका. नेमकं कुठलं अक्षर वाचता आलं नाही आणि त्या माणसाने पुढे काय करायचं, तेही सांगा.

यातलं काहीच अवघड नाही. हवी ती फक्त खरी मराठी नावं टाकून चाचणी करण्याची सवय. आपल्याकडे चाचणी म्हणजे ‘टेस्ट’, ‘एबीसी’, ‘वन टू थ्री’ टाइप करायचं आणि गाइडला दाखवायचं. त्याऐवजी वर्गातल्या हजेरीची यादी घ्या. गावांची घ्या. कोलाड, रोहा, नागोठणे, माणगाव, म्हसळा. आजीचं नाव घाला, तिच्या माहेरचं आडनाव घाला. यातलं एक जरी नाव लाल झालं, तर आजीचं नाव बदलू नका. कोड उघडा.