उवांची लाज कशाला?

वर्गात एखाद्या मुलीच्या डोक्यात उवा दिसल्या, की तिला वेगळे बसवले जाते, मैत्रिणी चिडवतात आणि घरी बोलणी बसतात. उवा म्हणजे अस्वच्छता, ही समजूत त्यामागे असते. ती चुकीची आहे. रोज धुतलेल्या केसांतही उवा होतात. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोके लागले, की ती एका केसावरून दुसऱ्या केसावर चढते. मुले एकत्र खेळतात, एका अंथरुणात झोपतात, एवढेच त्याचे कारण.

डोक्यातील उवांनी खाज सुटते, झोप मोडते. पण त्या रोग पसरवत नाहीत. खरे नुकसान लपवाछपवीने होते. भावंडांची डोकी तपासली जात नाहीत आणि उवा परत येतात. काही घरांत गुपचूप रॉकेल चोळले जाते. त्याने त्वचा पोळते, शिवाय पेट घेण्याचा धोका असतो.

उपाय साधा आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने परमेथ्रिनसारखे औषध लावावे आणि ओल्या केसांतून बारीक फणी फिरवावी. लिखा 7 ते 10 दिवसांत फुटतात, म्हणून औषध ठरल्या दिवशी पुन्हा लावावे लागते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही उवांपायी मुलांची शाळा बुडवू नये, असेच सांगते. आपल्या शाळांनी कोणाचेही नाव न घेता सर्व पालकांना एकच सूचना पाठवावी. उवा आठ-पंधरा दिवसांत जातात. वर्गासमोर झालेला अपमान मूल सहजी विसरत नाही.