पार्कातले जेवण किती महाग असावे?

गेल्या हिवाळ्यात मुलांच्या सहलीसाठी पालकांची बैठक बसली होती. शिरूरला, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीला, आमचे कापडाचे दुकान आहे. नातवंडे शाळेत आहेत, म्हणून मलाही बोलावणे होते. मुलांना वॉटर पार्कला जायचे होते. पार्काने शाळेसाठी तिकिटात चांगली सवलत दिली होती. बसचे भाडे वाटून घेतले तर तेही जड नव्हते. पण दरपत्रकाच्या खाली एक ओळ होती, बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणता येणार नाहीत. जेवणाचे कूपन वेगळे. ते धरले तर एका मुलाचा खर्च जवळजवळ दीडपट होत होता.

आमच्या दुकानाची शिलाई करणारे एक टेलरमास्टर बैठकीला होते. त्यांना दोन मुली. त्यांनी बोटावर हिसाब केला आणि मला हळूच म्हणाले, "सेठ, तिकिटाचं मी कसंतरी जमवतो. पण पोरीच्या पोटाला घरची चपाती चालते, ती त्यांच्या गेटावर का चालत नाही?" मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी थोरल्या मुलीचे नाव यादीतून काढून घेतले. धाकटी गेली.

बंधूंनो, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पार्कात जाणे ही काही गरज नाही, परवडत नसेल त्याने जाऊ नये, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. पण आज ईदनंतरच्या सुट्टीत, मे महिन्यात, शाळेच्या सहलीत आपली माणसे जातात, आणि चार दिवसांची कमाई एका दिवसात घालून येतात. तेव्हा हा पैसा कसा जातो, हे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहायला काय हरकत आहे?

मी स्वतःही एकदा गेलो आहे. माझी मुलगी दौंडला दिली आहे. तिचे घर आणि आमचे घर मिळून आम्ही सात जण जीप करून गेलो. पार्काचे नाव घेत नाही, कारण रीत सगळीकडे थोडीफार तीच आहे. घरच्यांनी पहाटे उठून शामी कबाब, चपात्या आणि दही बांधून घेतले होते. गेटावर पिशव्या तपासल्या. रखवालदार पोरगा सभ्य होता, त्याने फक्त बोटाने पाटी दाखवली. डबा परत जीपमध्ये गेला. आत दुपारी नातवंडे भुकेने रडायला लागली. एका काउंटरवर चिकन होते, पण ते कोठून येते, कसे कापलेले असते, हे वाढणाऱ्या मुलाला सांगता येईना. म्हणून पावभाजी, इडली, पुलाव आणि पाण्याच्या बाटल्या घेतल्या. पावती झाली दोन हजार एकशे चाळीस रुपयांची, आणि पोटे अर्धीच भरली. साडेचारला बाहेर येऊन आम्ही गाडीतळावर तोच डबा उघडला. कबाब तोवर थंडगार झाले होते, तरी सगळ्यांनी चाटून खाल्ले.

आता पार्कवाल्याची बाजूही पाहिली पाहिजे. मी दुकानदार आहे, दुसऱ्याच्या धंद्याला आंधळेपणाने लूट म्हणणे मला जमत नाही. आपल्या महाराष्ट्रात हा धंदा १९८९ साली मुंबईच्या गोराईत एस्सेल वर्ल्ड सुरू झाले तेव्हापासून लोकांना ठाऊक झाला. ते आता बंद आहे. खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका उघडले. मनमोहन शेट्टी यांनी त्यावर अफाट भांडवल लावले, कर्जाचा बोजा झाला, आणि शेवटी २०२२ साली संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते हाती घेतले. पाळणे, पंप, पाण्याची सफाई, वीज, रखवालदार, विमा, हे सगळे रोजचे आहे. गिऱ्हाईक मात्र रविवारी, सुट्टीत आणि उन्हाळ्यात. पावसाळ्यातल्या मंगळवारी पार्क मोकळे पडते, पगार थांबत नाहीत. सरकारनेही हात आखडला नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा पार्काच्या तिकिटावर २८ टक्के लागला, तो जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर आला. उपाहारगृहाच्या जेवणावर नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के आहे, पण त्यात इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे व्यापारी गॅस सिलिंडरवर भरलेला १८ टक्के कर वजा होत नाही, तो ताटातच येतो. जीएसटीची विवरणपत्रे भरणाऱ्यांना हे सांगायला नको.

तरीही ताट इतके महाग होते ते एवढ्याने नव्हे. तिकिटाचा भाव जाहिरातीत छापलेला असतो. लोक दोन पार्कांचे तिकीट ताडून पाहतात, म्हणून तिथे कंपनीला हात आवरता घ्यावा लागतो. ताटाचा भाव कोणी आधी विचारत नाही. तो आत गेल्यावर कळतो, आणि तेव्हा दुसरे दुकान नसते. अशा कंपनीच्या हिशेबात तिकिटाचे उत्पन्न वेगळे आणि खाण्यापिण्याचे वेगळे दाखवतात, तेव्हा हे काही चुकून घडत नाही. आमच्या कापडबाजारातही दाराशी टांगलेल्या साडीवर दोन पैसे कमी घेऊन आतल्या मालात ते काढतात. फरक एवढाच की आमच्या दुकानाचे दार उघडे असते. गिऱ्हाईकाला भाव पटला नाही तर तो समोरच्या पेढीत जातो.

लग्नाचा बस्ता बांधायला वीस-पंचवीस माणसे येतात. आम्ही चहा देतो, नाश्ता देतो, वेळ झाली तर जेवू घालतो. ते फुकट नसते, साडीच्या भावात धरलेले असते, हे गिऱ्हाईकालाही माहीत असते. पण भुकेल्या माणसाशी सौदा करायचा नाही, ही समज त्यामागे आहे. पार्कात हे उलटे झाले आहे. आधी तिकीट, मग भूक, मग सौदा.

आणि मूळ धंदा असा नव्हता. अमेरिकेत कॅलिफोर्नियात नॉट नावाचे कुटुंब बेरीची शेती करीत होते. १९३४ साली कॉर्डेलिया नॉट यांनी तळलेल्या कोंबडीचे जेवण विकायला सुरुवात केली, ६५ सेंटला एक ताट. पुढे रांगा इतक्या लागू लागल्या की ताटकळणाऱ्या लोकांचे मन रमावे म्हणून त्यांचे पती वॉल्टर नॉट यांनी १९४० पासून तिथेच जुन्या गावाचा देखावा उभा केला. आजचे नॉट्स बेरी फार्म हे मोठे पार्क त्यातून वाढले. म्हणजे तिथे जेवण आधी होते, तमाशा त्याच्या सोबतीला आला. त्याच राज्यात १९५५ साली डिस्नेलँड उघडले. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत आजही पाहुण्यांना स्वतःपुरते खाणे आत नेता येते. काचेचे भांडे आणि दारू मात्र चालत नाही. तेव्हा डबा आत आला की स्वच्छता बिघडते, सुरक्षा धोक्यात येते, हे कारण मला तरी पुरेसे वाटत नाही.

कायदा काय म्हणतो, हे बरेच जण विचारतात. थोडक्यात सांगतो. २०१८ साली मल्टिप्लेक्समधल्या महाग खाण्यावरून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला होता. पुण्यात मनसेने आंदोलन केले, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका होती, राज्याच्या मंत्र्यांनी बाहेरचे खाणे नेण्यास बंदी नाही असे विधिमंडळात सांगितले. नंतर सरकारनेच न्यायालयात भूमिका बदलली. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या प्रकरणात निकाल दिला की सिनेमागृह ही मालकाची खासगी जागा आहे आणि बाहेरचे खाणे रोखण्याचा त्याला अधिकार आहे. मात्र पिण्याचे शुद्ध पाणी मोफत ठेवले पाहिजे आणि तान्ह्या मुलांचे खाणे आणू दिले पाहिजे, हेही त्यात आले. हा निकाल सिनेमागृहाचा आहे, पण पार्कवाले त्याच वाटेने बोलणार हे उघड आहे. बाटलीबंद पाण्याबाबत म्हणाल, तर १ जानेवारी २०१८ पासून एकाच मालावर दोन वेगळे एमआरपी छापता येत नाहीत. पण त्याच्या आधीच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले होते की हॉटेल आणि उपाहारगृह बसायची जागा आणि सेवा देतात, म्हणून ते पाणी एमआरपीपेक्षा जास्त दराने देऊ शकतात. तेव्हा पावती घेऊन तक्रार करायला धावण्याआधी ती बाटली दुकानाच्या काउंटरवर घेतली की उपाहारगृहात बसून, हे पाहावे.

म्हणजे कायद्याने डबा आत जाईल, ही आशा धरू नये. मग दुसरा रस्ता कोणता?

तो रस्ता मला माझ्या जावयाने दाखवला. तो दौंडला रेल्वेत आहे. परतीच्या वाटेवर मी पावती वाचून कुरकुरत होतो, तर म्हणाला, "अब्बा, अडकलेलं गिऱ्हाईक आम्ही रोज बघतो." खरे आहे. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागत असे. आता कॉर्ड लाईनमुळे काही गाड्यांची ती अडचण गेली. पण वर्षानुवर्षे गाडी तिथे बराच वेळ उभी राही, आणि उतारू चहा-वड्यासाठी फलाटावर उतरत. तो उतारू पार्कातल्या माणसाइतकाच अडकलेला. तरी तिथे मनाला येईल तो भाव लावता आला नाही, कारण रेल्वेने काही चिजांचे दर बांधून दिले आहेत. १५ रुपयांचा जनता खाना, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, हा त्यातलाच. रेल नीरची एक लिटरची बाटली १५ रुपयांना होती, ती सप्टेंबर २०२५ मध्ये १४ रुपयांची झाली. जनरल डब्यातल्या उतारूंसाठी २०२३ पासून फलाटावर २० रुपयांच्या जेवणाचे काउंटर सुरू केले. एसटीनेही अधिकृत थांब्यांवर ३० रुपयांत चहा-नाश्ता अशी योजना काढली. ती सगळीकडे पाळली जाते असे नाही, हे पुणे-नगर रस्त्यावर फिरणाऱ्याला ठाऊक आहे. पण बाकीचे पदार्थ महाग असले तरी एक साधे ताट गरिबाला परवडेल असे हवे, हे तत्त्व तिथे मान्य आहे.

पार्कानेही एवढेच करावे. शंभर पदार्थ महाग ठेवा, आमची तक्रार नाही. एक ताट, खिचडी म्हणा, पुरी-भाजी म्हणा, बाहेरच्या खानावळीच्या भावात द्या आणि त्याची पाटी गेटावर लावा. मांसाहार कोणाकडून येतो तेही लिहा. कबाबाचा डबा आणणारी निम्मी घरे त्या एका पाटीने निवांत होतील, आणि तेवढे गिऱ्हाईक पार्काचे वाढेल.

हे परवडत नाही असे म्हणणाऱ्याने आपल्याच तालुक्यात मोराची चिंचोली पाहून यावे. मोर पाहायला पुण्या-मुंबईची माणसे येतात, शेतकऱ्यांनी कृषी पर्यटन केंद्रे काढली आहेत. तिथे दिवसाचा एकच दर सांगतात. नाश्ता, दुपारचे भाकरी-पिठल्याचे जेवण, संध्याकाळचा चहा, बैलगाडी, सगळे त्यात. हंगामात हुरडा. पाळणा नाही, लाटांचा तलाव नाही, खर्च कमी, हे मान्य. पण घरून निघतानाच बापाला कळते की आज खिशातून किती जाणार. माझ्या मते गिऱ्हाईकाला स्वस्ताईपेक्षा हेच जास्त हवे असते.

एक गोष्ट मात्र आपण आपल्यालाही विचारू. चांदरातीला रात्री अकरा वाजता पोराचा कुर्ता शोधत आलेल्या बापाला आपण कोणता भाव सांगतो? तोही अडकलेलाच असतो. वडील म्हणत, मजबुराच्या सौद्यात बरकत नसते. त्यांच्या हयातीत आमच्या दुकानात चांदरातीचा भाव वेगळा नव्हता. मधल्या काही वर्षांत तो झाला होता, हे मी कबूल करतो. पार्काची ती पावती खिशात घेऊन आलो त्यानंतरच्या ईदला पोरांना सांगून तो बंद केला. गल्ल्यात थोडा फरक पडला, फार नाही.

आता सहलीचे. यंदा आम्ही आधी दर मागवायचे ठरवले आहे. शाळा म्हणून पाच-सहा ठिकाणी पत्र लिहायचे, की तिकीट आणि एक साधे जेवण मिळून एका मुलाचे किती, ते लेखी कळवा. पन्नास-साठ मुले एकदम येत असतील तर पार्कवाला बोलतो, हा माझा अनुभव. एकटा बाप गेटावर बोलू शकत नाही. चिंचोलीचाही दर मागवला आहे. दौंडकडच्या पालकांनी यात सामील व्हावे, दोन्ही गावांची मुले मिळून दोन बस भरतील आणि बोलणी करायला जोर येईल. ज्यांच्याकडे मागच्या वर्षाच्या जेवणाच्या पावत्या असतील त्यांनी त्या जुम्म्यानंतर दुकानावर आणून द्याव्यात. टेलरमास्टरांना मी सांगून ठेवले आहे, थोरलीचे नाव इतक्यात काढू नका.