गरोदर ग्राहक आली तर ‘नाही’ म्हणू नका, पण आधी चार प्रश्न विचारा



गेल्या महिन्यात माझ्या बॅचमधल्या एका मुलीचा रात्री साडेनऊला फोन आला. नुकतंच पार्लर सुरू केलंय तिने. आवाज रडवेला. सातव्या महिन्यातली एक ग्राहक डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी पेडिक्युर आणि मसाजसाठी आली होती. हिने तिला नेहमीसारखं बेडवर उताणं झोपवलं. दहा मिनिटांत ग्राहक घामाघूम, डोळ्यांपुढे अंधारी. कुशीवर वळवल्यावर बरं वाटलं, नंतर डॉक्टरांनीही सगळं ठीक असल्याचं सांगितलं. पण तिच्या सासूबाई दारात उभ्या राहून जे बोलल्या, ते अख्ख्या गल्लीने ऐकलं.

“मॅडम, उद्यापासून बोर्डच लावते. गरोदर बायकांना सर्व्हिस मिळणार नाही.”

मी म्हटलं, असला बोर्ड अजिबात लावू नकोस.

कारण चूक मसाजची नव्हती, झोपवण्याची होती. साधारण विसाव्या आठवड्यानंतर उताणं झोपलं की वाढलेल्या गर्भाशयाचा भार शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो. बीपी उतरतं, चक्कर येते. डाव्या कुशीवर, पोटाखाली आणि गुडघ्यांमध्ये उशी देऊन झोपवलं किंवा खुर्चीत टेकून बसवलं तर हा प्रश्न येत नाही. एवढी साधी गोष्ट, पण बऱ्याच कोर्सेसमध्ये ती शिकवलीच जात नाही.

आता धंद्याच्या बाजूने बघा. सातव्या-आठव्या महिन्यात बाईला स्वतःच्या पायापर्यंत वाकताही येत नाही. नखं कापायची तरी कशी? पाय जड झालेले, कंबर दुखतेय. तुमची खरी गरज तिला आत्ताच आहे. तुम्ही नाही म्हणालात तर ती पुढच्या गल्लीत जाईल आणि तिथे कदाचित कोणी काही विचारणारही नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सर्व्हिस द्या, पण नेहमीची नाही, तिच्यासाठी बदललेली.

मसाजचं काय?

मसाजमुळे गर्भपात होतो असा ठोस पुरावा नाही. तरीही पहिल्या तीन महिन्यांत मसाज करू नका, असंच मी सांगते. या काळात गर्भपाताचं प्रमाण मुळातच जास्त असतं. दुर्दैवाने काही झालं, तर कारण काहीही असो, बोट तुमच्याकडे येणार. घोट्याजवळचे पॉइंट दाबल्याने कळा सुरू होतात, हेही नक्की सिद्ध झालेलं नाही. पण ते सोडून दिल्याने तुमचं काय जातं?

पायांवर मात्र जोर लावायचा नाही. गरोदरपणात पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. एकच पाय सुजलाय, दुखतोय, गरम लागतोय? हात लावू नका, डॉक्टरकडे पाठवा. चेहरा आणि हात अचानक सुजलेत, डोकं ठणकतंय, अंधुक दिसतंय? हे बीपी वाढल्याचं लक्षण असू शकतं, तिने त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. “सूज उतरवून देते” असं तर चुकूनही म्हणू नका. आपण डॉक्टर नाही.

काही जणी म्हणतात, “आपल्याकडे मालिशवाल्या बाई पिढ्यान् पिढ्या येतातच की.” येतात, पण बहुतेक बाळंतपणानंतर. पोटात बाळ असताना हिशोब वेगळा. तुमचं खास ट्रेनिंग झालेलं नसेल तर खुर्चीत बसवून मान, खांदे, हात यांना हलका मसाज द्या आणि तिथेच थांबा. तेल साधं, उग्र वासाचं नको. स्टीम आणि सॉना पॅकेजमधून काढून टाका, कारण शरीर फार तापवणं बाळासाठी चांगलं नाही.

पेडिक्युर करताना

पाणी कोमट. बाळाच्या आंघोळीचं पाणी आपण कोपराने बघतो ना, तसंच बघा. ब्लेड वापरू नका, क्युटिकल कापू नका. गरोदरपणात शुगर वाढलेली असेल तर छोटी जखमही महागात पडू शकते. नेलपॉलिश, रिमूव्हर वापरताना खिडकी उघडी ठेवा.

आणि टब! २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलूनमध्ये शंभराहून जास्त ग्राहकांच्या पायांवर गळवं उठली होती. पाणी फिरवणाऱ्या फूटबाथच्या जाळीमागे केस आणि घाण साचून जंतू वाढले होते. म्हणून नवीन पार्लरला माझा सल्ला, जेटवाला महागडा टब घेऊ नका. साधा टब घ्या, प्रत्येक ग्राहकानंतर घासून, जंतुनाशक लावून धुवा.

ते चार प्रश्न

१. कितवा महिना आहे?
२. डॉक्टरांनी काही जपायला सांगितलंय का? बीपी, शुगर, रक्तस्राव, वार खाली असणं?
३. आधी कधी गर्भपात, लवकर बाळंतपण किंवा पायात गुठळी?
४. आज काही त्रास होतोय का?

दोन, तीन किंवा चारचं उत्तर ‘हो’ आलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सर्व्हिस नाही. उत्तरं रजिस्टरमध्ये लिहा, सही घ्या. पण सही घेतली म्हणजे आपण सुटलो, असं समजू नका. फॉर्म सहीसाठी नसतो, विचारायचं राहू नये म्हणून असतो.

यात दहा मिनिटं जास्त जातात, उशा आणि स्वच्छतेचा खर्चही वाढतो. मग ते दरात धरा ना! काळजीचे पैसे मागायला लाजू नका. अशी जपलेली ग्राहक पुढे बहिणीला, नणंदेला घेऊन येते.

त्या मुलीने शेवटी बोर्ड लावलाच. पण त्यावर लिहिलंय: “गरोदर असाल तर आधी सांगा, आम्ही तशी तयारी ठेवतो.”

आणि त्या दिवशी गल्ली गाजवणाऱ्या सासूबाईंना तिने दुसऱ्याच दिवशी घरी जाऊन सॉरी म्हटलं. तेही धंद्याचंच काम आहे, बरं का!