रिकाम्या घराचे नाव

दहावीच्या विज्ञानात आपली मुले आवर्त सारणी शिकतात. रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६९ साली ती मांडताना न सापडलेल्या मूलद्रव्यांची घरे रिकामी ठेवली. अ‍ॅल्युमिनियमखालच्या घराला संस्कृतातला 'एक' लावून 'एका-अ‍ॅल्युमिनियम' म्हटले. त्याची घनता सुमारे ६ असेल, असे सांगितले. १८७५ साली फ्रान्समध्ये ते सापडले, नाव पडले गॅलियम. घनता भरली ४.७. मेंडेलीव्ह म्हणाला, शुद्ध करून पुन्हा मोजा. मोजली, तर ५.९!

संस्कृत नाव ऐकून कोणी म्हणेल, हे सारे पोथ्यांत होतेच. आम्ही म्हणतो, शब्द आकड्यापुरता घेतला. खरे-खोटे मोजमापाने ठरले. पोथीत आहे म्हणून मानू नका, पारखून घ्या, हेच तथागतांनी कालामांना सांगितले. आमच्या मुलांनी आम्हालाही 'कशावरून?' असे विचारले पाहिजे.