लांडग्याची बाजू कोण मांडणार?

१/ हिंगोली जिल्ह्यातील कयाधूकाठचे नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, जन्म इ.स. १२७०. नामदेवांची एक आख्यायिका आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. कुत्रा भाकरी पळवतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात. ही कथा मराठी बालसाहित्य विसरले आहे, हा माझा आरोप.

२/ ही कथा भोळ्या भक्तीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. वस्तुतः ती फार धारदार आहे. भाकरी नेणारा चोर नसून भुकेला आहे, एवढेच ती मुलाला सांगते. कुत्रा आहे तसाच राहतो; बदलते ती पाहणाऱ्याची नजर.

३/ आता त्या कुत्र्याच्या पूर्वजाकडे, लांडग्याकडे वळू. १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापनीती मराठीत आणली. 'लांडगा आला रे आला' ही इसापाचीच गोष्ट. तिच्यातील लांडग्याला ना पिल्ले, ना घर. तो केवळ येतो आणि खातो.

४/ हा वाद 'परके विरुद्ध आपले' असा नाही. पंचतंत्रातील करटक आणि दमनक हे कारस्थानी कोल्हेही आपलेच. नीतिकथेत प्राणी हा माणसाच्या अवगुणाचा मुखवटा असतो. कथा संपते, अवगुण मात्र प्राण्याच्या नावावर राहतो.

५/ याची किंमत काय? ब्रिटिश राजवटीने 'उपद्रवी' श्वापदे मारणाऱ्यांना बक्षिसे दिली. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या मांडणीनुसार १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि २ लाख लांडगे मारले गेले.

६/ गोळी इसापाने झाडली नाही, हे मान्य. पण वाघासाठी १९७३ साली व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. लांडग्यासाठी कोण हळहळले? २०२२ च्या अंदाजांनुसार भारतात वाघ ३,६८२, तर लांडगे सुमारे ३,१००. ज्याच्या नावाने आपण मुलांना घाबरवतो, तो वाघाहून दुर्मीळ आहे.

७/ आक्षेप येईल : 'धनगराला विचारा, मेंढरू कोणाचे जाते?' आक्षेप रास्त आहे. गोंडस, गवतखाऊ लांडगा रंगवणे हीसुद्धा फसवणूकच. परंतु सहानुभूती म्हणजे दात नाकारणे नव्हे. नामदेवांचीही भाकरी गेलीच होती. तिचे नुकसान लपवून ती कथा उभी राहत नाही.

८/ असे लिहिता येते, याला पुरावा आहे. किपलिंगच्या 'जंगल बुक'मध्ये (१८९४) सिवनीच्या डोंगरांत लांडगीण माणसाचे पोर वाढवते. मात्र त्याच पुस्तकात तबाकी हा कोल्हा लाचार चुगलखोरच राहतो! मराठीत व्यंकटेश माडगूळकरांनी 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळ्यांचे जग उभे केले, पण ती प्रौढांची कादंबरी. माळरानावरचा लांडगा आपल्या मुलांच्या ओळखीचा नायक का नसावा?

९/ प्रश्न केवळ लांडग्याचा नाही. तो मुख्यतः राखीव जंगलात नव्हे, तर सोलापूरजवळच्या नान्नजसारख्या गवताळ माळावर जगतो. सरकारी दफ्तरात असा माळ बहुधा 'पडीक' ठरतो. ज्या भूमीची गोष्ट कोणी सांगत नाही, ती नांगरताना वा विकताना कोणाचाच हात थरथरत नाही.

१०/ म्हणून मित्रहो, एक विनंती. धाकट्या भावंडांना 'लांडगा आला रे आला' जरूर सांगा. फक्त शेवटी विचारा, तो का आला? त्याच्या माळावरचे ससे आणि चिंकारे कुठे गेले? नरसीच्या परंपरेने भाकरी नेणाऱ्यामागे तुपाची वाटी धाडली. आपण लांडग्यामागे निदान हा एक प्रश्न धाडू या.