एक्सझेड बॅकडोअर: 'हे मशीन कोणतं?' असं विचारून सावज कसं निवडलं गेलं?

सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच अँड्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरला खटकलं होतं. कारण शोधता शोधता 'एक्सझेड युटिल्स' या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यांना बॅकडोअर, म्हणजेच चोरदरवाजा सापडला. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी हे जाहीर केलं. ठरावीक गुप्त किल्ली असलेल्याला या दरवाजातून दूरवरच्या सर्व्हरवर हवी ती कमांड चालवता आली असती.

पण हा कोड प्रत्येक कॉम्प्युटरवर बसत नव्हता. तो आधी मशीन ओळखत होता.

मशीन ओळखतात कसं?

एकच सॉफ्टवेअर लिनक्सवरही चालायला हवं आणि मॅकवरही. त्यामुळे सोर्स कोडपासून ते तयार करताना अनेकदा आधी 'कॉन्फिगर' नावाची स्क्रिप्ट चालते. प्रोसेसर कोणता, ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, हे ती तपासते आणि त्यानुसार पुढची तयारी करते. यात गैर काहीच नाही.

मग हल्लेखोराने काय केलं?

त्याने याच माहितीचा चाळणीसारखा वापर केला. ६४ बिट इंटेल-एएमडी प्रकारचा प्रोसेसर, लिनक्स सिस्टिम आणि डेबियन किंवा आरपीएम पद्धतीचं पॅकेज, असं सगळं जुळलं तरच घातक कोड मिसळला जायचा. मॅकवर काम करणाऱ्या डेव्हलपरला काहीच वावगं दिसलं नसतं.

शिवाय हे सगळं सुरू करणारी फाइल सार्वजनिक गिट रिपॉझिटरीत नव्हतीच. ती फक्त डाउनलोडसाठी ठेवलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे बांधून दिलेल्या गठ्ठ्यात होती. त्यातल्या हजारो ओळींच्या स्क्रिप्ट सहसा कोणी वाचत नाही.

नुकसान किती झालं?

५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या डेबियन, फेडोरा यांच्या चाचणी शाखांपर्यंत पोहोचल्या होत्या. डेबियनची स्थिर आवृत्ती वाचली.

यातून काय शिकायचं?

'कोड सगळ्यांसाठी खुला आहे, म्हणजे तो सुरक्षित आहे' हे अर्धसत्य आहे. खुला असलेला कोड आणि प्रत्यक्षात वापरला जाणारा गठ्ठा एकच आहे का, हे पॅकेज बनवणाऱ्यांनी जुळवून पाहायला हवं. सॉफ्टवेअरइतकंच लक्ष ते तयार करणाऱ्या स्क्रिप्टवरही हवं.